जुन्या बाजारातले बूट आणि १७९० चं पुणं: नाटकातल्या पादत्राणांबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. तुमच्या हौशी संस्थेचं नाटक १७९० च्या पुण्यात घडतं. पेशव्यांकडचे चार दरबारी, एक जासूद, एक शेतकरी आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलातीतले तीन इंग्रज, अशी नऊ माणसं आहेत. पादत्राणांसाठी सहा हजार रुपये काढलेत. भाड्याने कपडे देणाऱ्याकडे सगळ्या मराठ्यांना एकच सोनेरी मोजडी आणि इंग्रजांना गुडघ्यापर्यंतचे रेक्झिनचे बूट, एवढंच मिळतंय आणि ते तुम्हाला पटत नाही. म्हणून जुन्या बाजारातून वापरलेले बूट घेऊन ते त्या काळाचे करता येतील का आणि त्यांना कुठला रंग द्यावा, असं तुम्ही विचारलंय.

करता येतात. मी बावीस वर्षं नाटकांची वेशभूषा करते आहे आणि आमच्या कपाटातले निम्म्याहून जास्त जोडे कुणीतरी आधी वापरलेले आहेत. पण रंगाचा प्रश्न अगदी शेवटी येतो. त्याआधी बाजारात उभं राहून कुठला जोड उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, ते ठरवायला हवं. बूट फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून बनतो. त्याचं नाक, टाचेची उंची, तळव्याची रेघ, सगळं त्या फर्म्याने ठरवलेलं असतं. तुम्ही बुटावर काहीही चिकटवू शकता, काहीही उसवू शकता, पण त्याचा फर्मा बदलू शकत नाही. टोकदार चौकोनी नाकाच्या आजच्या ऑफिस बुटाला कितीही सुंदर बक्कल लावलं तरी तो ऑफिसचा बूटच राहतो. सहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला बक्कलावरचं नक्षीकाम दिसत नाही. त्याला बाह्यरेषा दिसते आणि पावलांचा आवाज ऐकू येतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्रयोग एकच आहे की दहा-पंधरा? रंगमंच उंच असेल तर पहिल्या रांगेचे डोळे थेट नटांच्या पावलांच्या पातळीवर येतात. चित्रीकरण होणार असेल तर शिवण आणि तळव्याची कडही नीट लागते. खाली लिहिलेलं सगळं मी उंच लाकडी रंगमंच, आठ-दहा प्रयोग आणि हाताशी दीड महिना, असं धरून लिहिलंय.

तुम्ही साल नेमकं ठरवलंय, याचा फार उपयोग होतो. चार्ल्स मॅलेट १७८६ पासून कंपनीचा वकील म्हणून पुण्यात होता आणि टिपूविरुद्धचा पेशवे, निजाम आणि कंपनी यांचा तह जून १७९० मधला. त्या वेळी इंग्लंडमध्ये पुरुषांच्या बुटांवर बक्कल होतं, पण त्याचे शेवटचे दिवस चालू होते. बुटांना फिती बांधायची पद्धत इतकी वाढली, की १७९१ मध्ये बर्मिंगहॅम आणि आसपासच्या बक्कल बनवणाऱ्यांनी धंदा बुडतोय म्हणून प्रिन्स ऑफ वेल्सकडे गाऱ्हाणं मांडलं. विलायतेहून जहाज यायला पाच-सहा महिने लागायचे. त्यामुळे १७९० च्या पुण्यातल्या इंग्रजाला तुम्ही निर्धास्तपणे बक्कल द्या. तीन पात्रांपैकी कुणी नुकताच विलायतेहून आलेला तरुण असेल, तर त्याला एकट्याला फीत बांधा. संवादात एक शब्द न घालता तो वेगळा दिसेल.

दुसरी गोष्ट, त्या काळचे बहुतेक युरोपीय बूट सरळ फर्म्यावर बनत, म्हणजे डाव्या-उजव्यात फरक नसे. आपल्याकडच्या मोजडीचंही तसंच. म्हणून बाजारात बूट हातात घेतला की आधी उलटा करून तळवा बघा. आतल्या बाजूला खूप वळलेला, केळ्यासारखा तळवा असेल तर तो सोडा. जितका सरळ तितका चांगला.

तर इंग्रजांसाठी शोधायचा तो गणवेशाचा साधा काळा बूट. सुरक्षारक्षक, बँडवाले, शाळेचे शिपाई घालतात तो. नाक गोल हवं, नाकावर आडवी शिवण नको, भोकांची नक्षी नको. नाडीच्या दोन्ही पट्ट्या वरून शिवलेल्या आणि मोकळ्या उघडणाऱ्या हव्यात, कारण आपल्याला त्याच पट्ट्या पुढे वाढवायच्या आहेत. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, तिथे असे जोड दीडशे ते तीनशे रुपयांत मला मिळाले आहेत. सकाळी लवकर जा. नटांच्या पावलांचे कागदावर काढलेले ठसे बरोबर न्या, कारण आतला नंबर बहुतेक वेळा पुसलेला असतो. अर्धा नंबर मोठा चालेल, पण लहान अजिबात घेऊ नका.

घेण्याआधी तळवा तपासा. हे मी फार वाईट अनुभवातून शिकले. एका स्पर्धेच्या प्रयोगात सरदाराचं काम करणाऱ्या नटाच्या बुटाचा तळवा दुसऱ्या अंकात अक्षरशः भुगा होऊन पडला. वरून बूट नव्यासारखा होता. तळवा पॉलियुरेथेनचा होता आणि कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं पडून राहिला होता. ही वस्तू हवेतल्या ओलाव्याने आतून कुजते, न वापरता ठेवली तरी. त्या नटाने एक पाय ओढत प्रवेश पूर्ण केला आणि मी विंगेत उभी राहून बघत होते. तेव्हापासून मी प्रत्येक बूट हातात घेऊन मधोमध जोरात वाकवते आणि तळव्याच्या कडेला अंगठ्याचं नख दाबते. नख चीजमध्ये रुतावं तसं रुतलं, चिकट लागलं किंवा बारीक भेगा उघडल्या, तर तो जोड फुकट मिळाला तरी नको. रबराचा घट्ट तळवा चांगला, आणि चामड्याचा मिळाला तर नशीब.

वरचं चामडं खरं आहे का तेही बघा. दुकानदाराच्या परवानगीने आतल्या बाजूचा एखादा तंतू सुटत असेल तर तो काडीने जाळा. केस जळल्यासारखा वास आला तर चामडं, वितळून गोळा झाला तर रेक्झिन. रेक्झिन अगदीच बाद नाही, पण त्यावर कापड किंवा कातडं चढवावं लागतं. त्यात रंग मुरत नाही.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगते. आतला सुखतळा काढून फेकून द्या, आतून सर्जिकल स्पिरिटने पुसा, दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि नवा सुखतळा बसवा. नटाला दुसऱ्याचा घाम लागलेला बूट तसाच देऊ नये.

आता प्रत्यक्ष काम. आजचं जे आहे ते आधी काढायचं आणि मग जुनं घालायचं, हा क्रम मोडू नका. नाडी काढा. धातूची भोकं असलेला पट्ट्यांचा पुढचा भाग रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) सरळ कापून टाका. जीभ आखूड असते, तिला मागून चामड्याचा तुकडा जोडून घोट्याच्या दिशेने पाच-सहा सेंटिमीटर उंच करा, म्हणजे ती बक्कलाच्या वर दिसेल. मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना नवे पट्टे शिवा. मुळाशी पट्टा रुंद आणि टोकाकडे अडीच-तीन सेंटिमीटर, लांबी इतकी की दोन्ही पट्टे जिभेवर एकमेकांवरून पूर्ण जातील. हे शिवण मी स्वतः करत नाही. आमच्या पेठेत कोपऱ्यावर बसणारे बूट दुरुस्तीचे काका आरीने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने ते असं करतात की जोड कुठे आहे ते शोधावं लागतं. फक्त सोल्युशनने चिकटवलेला पट्टा तिसऱ्या प्रयोगाला सुटतो. शिवूनच घ्या आणि त्या कामाचे नीट पैसे द्या.

टाच शक्यतो बदलू नका. १७९० च्या पुरुषांच्या बुटाला बुटकीच टाच असे, ती गणवेशाच्या बुटाला आयतीच असते. फक्त रबराची चकचकीत कड झाकायला चामड्याच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवा, म्हणजे चामड्याचे थर रचून केलेल्या टाचेसारखी ती दिसते. तळव्याच्या कडेने पांढरी किंवा ठळक शिवण असेल तर ती काळ्या मेणाने भरून टाका. आजच्या बुटाची ओळख सगळ्यात आधी तिथेच पटते.

बक्कल हा त्या काळी बुटाचा भाग नव्हता. एका जोडावरून काढून दुसऱ्यावर लावायची ती वेगळी वस्तू होती, दागिन्यासारखी. आकार साधारण आयताकृती, कोपरे गोल, आणि मुख्य म्हणजे ते सपाट नसे. पावलाच्या चढावर बसेल असं कमानीसारखं वाकवलेलं असे. बायकांच्या जुन्या पट्ट्यांची मोठी बक्कलं बाजारात पाच-दहा रुपयांना मिळतात, पण ती सपाट असतात. पातळ असतील तर लाकडी लाटण्यावर ठेवून हलक्या हाताने वाकवता येतात, ओतीव असतील तर तुटतात. मी पितळी पत्र्याची चौकट कारागिराकडून कापून, वाकवून घेते. कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे नमुना कागदावर काढून न्या. खऱ्या बक्कलाच्या आतले काटे पट्ट्यात रुततात. ते तुम्ही करू नका. चौकट पट्ट्यावर शिवून टाका आणि पट्ट्यांखाली रुंद इलॅस्टिक लावा, म्हणजे नट विंगेत वाकून न बसता पाय सरळ आत सरकवू शकतो. वेल्क्रो नको. शांत प्रवेशात त्याचा फर्र असा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो.

या बुटावर गुडघ्यापर्यंत पांढरे, साधे, उभ्या रेघा नसलेले मोजे हवेतच. गुडघ्याखाली संपणारी विजार, पांढरी पोटरी आणि त्याखाली काळा बूट, हे सगळं मिळून ते पाऊल १७९० चं दिसतं. मोजा ढिला पडला की सगळी मेहनत वाया जाते. गुडघ्याखाली फीत बांधा. गुडघ्यापर्यंतचे बूट घोड्यावरच्या प्रवासाला ठीक आहेत, पण कचेरीत आणि मेजवानीत हे असे बूटच शोभतात.

इथवरचा सारांश सांगायचा तर गोल नाक, सरळ आणि घट्ट तळवा, उघडणाऱ्या पट्ट्या एवढं असलेला गणवेशाचा बूट घ्या. त्याची भोकं कापा, जीभ आणि पट्टे वाढवा, वाकवलेलं बक्कल शिवा, पांढरा मोजा चढवा.

मराठ्यांकडे वळताना पहिला प्रश्न मी नेहमी दिग्दर्शकाला विचारते: हा प्रवेश कुठे घडतो? बैठकीवर, गालिच्यावर, वाड्याच्या आत असेल तर पायात काहीच नको. जोडे दाराशी निघतात. भाड्याच्या सोनेरी मोजड्या घालून पेशव्यांच्या गादीसमोर उभे राहिलेले सरदार मी इतक्या नाटकांत पाहिलेत, की दर वेळी जीव कासावीस होतो. आपल्या घरातही आपण तसं करत नाही, मग शनिवारवाड्यात कसं करू? तुमच्या वर्णनावरून चारपैकी दोनच दरबारी वाड्याबाहेरच्या प्रवेशात आहेत. म्हणजे तुम्हाला नीट केलेले दोनच जोड लागतील. उरलेले दोन साधे जोड बैठकीच्या कडेला, दाराशी काढून ठेवलेले दिसू देत. आणि इंग्रज त्या उंबऱ्याशी येऊन थबकतो, बक्कलाच्या बुटाकडे बघतो, हा क्षण तुमच्या लेखकाला नक्की वापरता येईल.

या दोन जोडांसाठी माझी आवडती जागा म्हणजे लोकांची कपाटं. लग्नात एकदाच शेरवानीखाली घातलेल्या मोजड्या घरोघरी पडून असतात. संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर विचारा, चार जोड फुकट मिळतील. त्यांचा फर्मा बरोबर असतो: सपाट तळवा, सरळ आकार, पुढे निमुळतं होत गेलेलं नाक. चूक असते ती सगळी वरवरची. प्लॅस्टिकचे खडे, टिकल्या, पिवळीधमक जर. ती सगळी ब्लेडने अलगद उसवा. हे बसून करायचं काम आहे, एका जोडाला दीड-दोन तास लागतात. जर निघाली की खाली सुयांच्या भोकांची रांगोळी दिसते. ती बुजवायच्या नादी लागू नका. वर पातळ मेंढीचं कातडं चढवा.

ते असं. मोजडीवर कागदाची चिकटपट्टी आडवी-उभी पूर्ण लावा, मध्यरेषेवर आणि टाचेवर पेनाने रेघ ओढा आणि रेघेवर कापून पट्टी सालीसारखी सोलून काढा. ती सपाट केली की तुमचा नमुना तयार. कडेने एक सेंटिमीटर जास्त ठेवून कातडं कापा, किंचित ओलं करा, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा आणि नाकापासून सुरुवात करून मागे ताणत न्या. नाकाला वर वळलेली चोच हवी असेल तर चिकटवण्याआधी आत जाड पितळी तार घालून ती वळवा. लाल कातडं घ्या. लालसर, चोचीचा पुणेरी जोडा आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या नजरेला ओळखीचा आहे. काठावर एक साधी दोऱ्याची शिवण पुरे. मानकऱ्याला थोडी जर द्यायची असेल तर जुन्या साडीच्या काठातली उसवून वापरा. तिची चमक मंद झालेली असते आणि दिव्यात ती सोन्यासारखी दिसते.

शेतकऱ्याला वहाणा. जुन्या, जाड, घट्ट कोल्हापुरी चपला मिळाल्या तर काम जवळपास झालंच. ते म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्यामुळे तेल प्यायल्यावर त्याला जो गडद तपकिरी रंग येतो तो कुठल्याही बाटलीतून येत नाही. वेणी, गोंडे, रंगीत पट्ट्या काढून टाका. एरंडेल तेल कोमट करून कापडाने तीन दिवस थोडं थोडं मुरवा. तळव्याला रबर चिकटवलेलं असेल तर कडेने काळं दिसतं, तेवढं तासून घ्या. जासूद मात्र धावत येतो. त्याला मी अनवाणी ठेवीन आणि पोटरीपर्यंत धूळ देईन. धावताना रंगमंचावर निसटणाऱ्या वहाणा धोक्याच्याही आहेत.

आता तुमचा मूळ प्रश्न, रंग. ऑइल पेंट आणि स्प्रे पेंट दोन्ही नको. बूट वाकतो तिथे ते तडकतात, मी सुरुवातीला असे दोन जोड खराब केले आहेत. खऱ्या चामड्यावरचं कारखान्याचं चकचकीत आवरण ॲसिटोनने पुसून काढा, खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालून. मग बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि चामड्याचा स्पिरिटचा रंग दोन-तीन हातांत द्या. चमक मेणाच्या पॉलिशची, तीही फक्त नाकावर. बाकी बूट निस्तेज राहू दे. रेक्झिन रंगवणं भागच असेल तर ॲक्रिलिक रंग, अगदी पातळ हातांत.

जुनेपणा द्यायचा तो जिथे बूट खरंच झिजतो तिथेच. टाचेची बाहेरची कड, बोटांच्या मुळाशी पडणारी घडी, जिभेचा वरचा काठ. मुलतानी माती आणि थोडी काव एकत्र करून कोरड्या ब्रशने तिथे घासा आणि उरलेलं झटकून टाका. सगळीकडे सारखी माती फासली तर बूट जुना न दिसता नुसता घाणेरडा दिसतो.

तळव्याखाली पुढच्या भागाला दोन मिलिमीटर जाडीचं रबर लावा, लाकडी फळ्यांवर चामडं घसरतं. पण इंग्रजांच्या टाचा तशाच ठेवा. फळ्यांवर तीन टाचांचे ठोके, त्यात वहाणांची चपचप, आणि आत बैठकीवर अनवाणी पावलांची शांतता, एवढ्यानेही प्रेक्षकाला जागा बदललेली कळते.

पैशांचा माझा अंदाज: इंग्रजांचे तीन जोड ९००, चामडं ६००, बक्कलं १५००, शिवण ९००. मोजड्या फुकट न मिळाल्यास चार जोडांचे ४००, मेंढीचं कातडं ५००. वहाणा ३००. मोजे, सोल्युशन, रंग, सुखतळे मिळून ८००. म्हणजे ५९००. गावानुसार थोडं मागेपुढे होईल. कमी पडलंच तर बक्कलांवर वाचवा, शिवणावर वाचवू नका.

जोड तयार झाले की लगेच तालमीत द्या, किमान तीन आठवडे आधी. बक्कलाच्या बुटात नट पाऊल वेगळं टाकतो, चोचीच्या जोड्यात तर फारच वेगळं, आणि पायऱ्या चढताना ती चोच अडकते. आणि एक, तुम्ही लिहिलंय की एक नट पहिल्या अंकात शेतकरी आहे आणि तिसऱ्यात दरबारी. त्याच्या पोटरीवरची धूळ मधल्या वेळेत पुसायला विंगेत ओला पंचा आणि पाण्याची बादली ठेवायला कुणाला तरी आत्ताच सांगून ठेवा.